झालरीतले भुंगे आणि डावा खांब

आमच्या घरातलीनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भोकं बुजवणं. ओसरीपुढं, पत्र्याच्या वळचणीला आमची लाकडी झालर आहे. तिला काळ्या भुंग्यांनी बोट जाईल एवढाली भोकं पाडली होती. मी शिडीवर, हातात शेणमातीचं घमेलं. ती खाली शिडी धरून.

"अवं, आत हायत ते. गुणगुण ऐकू येतीया," ती म्हणाली. "जित्या जिवाला कोंडू नका. घरात लेकरू यायचंय."

"तू शिडी धर," म्या म्हणलं. "शहाणपण राहू दे."

तिनं धरली. मी सगळी भोकं लिंपून टाकली. चौथ्या दिवशी तिला ताप भरला. धाराशिवच्या दवाखान्यात नेलं, पण... जाऊ द्या. गेली.

तुमच्या मासिकात लोक असले अनुभव लिहितात ते वाचून हसणाऱ्यातला मी. तिठ्यावर उतरून टाकलेलं लिंबू घरी आणून मी वरणावर पिळलेलं आहे. शाळा म्हणाल तर निजामाच्या राज्यात उर्दू तिसरी. राज्य बदललं, सडकेवरचे मैलाचे दगड मराठीत रंगवले, तेव्हा मी सडकेवर मुकादम होतो. ते दगड वाचत वाचत मराठी अक्षरं जुळवली. चुका सुधारा. गोष्ट बदलू नका.

घर तेरला, नदीकडच्या आळीत. दोन खोल्या, पुढं ओसरी. ओसरीला दोन खांब, त्यावर सागाची आडवी तुळई. तुळईच्या तोंडावर ती झालर ठोकलेली – आंब्याच्या लाकडाची, वेलबुट्टीची. तिनं हट्टानं करून घेतलेली. आणि तुळईला खालून दोन लोखंडी कड्या, पाळण्याच्या. आमची लेक कमळ तिथंच टांगलेल्या पाळण्यात वाढली, आणि तिच्या लेकराचा पाळणाही तिथंच टांगायचा होता.

आणखी एक सांगायला पाहिजे. तिनं माझं नाव कधी घेतलं नाही. आमच्यातल्या बाया घेत नसत. मी बाहेर बसलेला असलो आणि बोलवायचं असलं, की बांगड्या खांबावर दोनदा वाजवायची. टक-टक. की मी उठायचो. शेजारी म्हणायचे, "मुकादम, उठा. तार आली तुमची." ती सवाष्ण गेली. हिरव्या बांगड्यांसकट पाठवली तिला.

तेराव्याला भावकी जमली. कमळला सातवा लागलेला. सगळ्यांचं एकच – आई नाही, पोरीला मुरुमला सासरीच राहू द्या, बाळंतपण बाईमाणसाचं काम. मी ऐकून घेतलं. मग सांगितलं, सुईण गावात हाय, मी हाय, लेक इथंच येईल. दवाखान्यात जाताना मोटारीत ती तेवढंच बोलली होती, की कमळीला आणायचं म्हंजे आणायचं. तर मी आणली.

आणली, आणि दुसऱ्याच दिवशी ओसरीवर रव्यासारखा पिवळा भुसा दिसला. वर बघतो तर माझ्या लिंपणाशेजारी नवी भोकं. भिंतीवर त्यांच्या घाणीचे पिवळे ओघळ. मग इस्माईल मिस्त्रीला बोलावलं. त्यानं हातोडीच्या दांड्यानं झालर ठोकत ठोकत तपासली. भरीव जागी एक आवाज, पोकळ जागी दुसरा. म्हणाला, हा भुंगा बोटभर सरळ आत जातो, मग लाकडाच्या रेषेरेषेनं आडवा वळतो. बाहेरून एक भोक, आत बोळ. बाहेरून लिंपलं की आतला दुसरीकडून फोडून निघतो.

"मुकादम, शेण कायको भरलं? सडकेचा खड्डा समजले काय?"

मला तिनं सांगितलेलंच होतं.

झालर काढून टाका आणि पत्रा मारा, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, झालर राहील, उपाय सांग. मग त्यानं सांगितलं – लिंपण काढा, चार दिवस मोकळं ठेवा, भुंगे जाऊ द्या. नंतर लाकडाच्या खुंट्या ठोका, वरून चुना आणि जवसाचं तेल मळून भरा, रंग द्या. तुळई? तुळई त्यानं खालून ठोकून बघितली. सागाची, तिला काही होत नाही म्हणाला.

लिंपण उकरलं तेव्हा ज्यांना वाट सापडली नाही ते मेलेले भुंगे आतून पडले. कोरडे, हलके. मी ते गोळा करून तुळशीच्या बुडाला पुरले. का ते विचारू नका.

पाचव्या दिवशी खुंट्या ठोकायला चढलो. भर दुपार. आळीत चिटपाखरू नाही. कमळ आत भाकरी थापत होती, थापट्या ऐकू येत होत्या. मी उजव्या अंगाच्या दोन खुंट्या मारल्या, तिसरी हातात घेतली.

टक-टक.

डाव्या खांबावर. काचेचा आवाज. हा आवाज मी पस्तीस वर्षं ऐकलेला आहे, मला कुणी शिकवू नये. खाली बघितलं – कुणी नाही. उन्हानं झालर तडकली असेल म्हटलं आणि पुन्हा हातोडी उचलली.

टक-टक.

आत थापट्या चालूच होत्या. मग थांबल्या, आणि कमळ आतून म्हणाली, "आबा, जा की. कवाधरनं बोलावतीया..." तेवढं बोलली आणि तिचं तिलाच कळलं. पिठाचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, पिठात माखलेल्या.

मी शिडी उचलली आणि डाव्या खांबाला लावली. तिथं झालरीला एकही भोक नव्हतं. तरी पटाशीनं तेवढी पट्टी उचकटली. मागं तुळईत, कडीच्या अगदी वर, चार भोकं. गिरमिट लावलं तर जोर न देता मुठीपर्यंत आत गेलं. कडीला हात घातला. कडी हातात आली... भुश्यासकट.

मिस्त्री संध्याकाळी आला. बोट घालून बघितलं, बोटाला लागलेला भुसा चोळला. मग म्हणाला, हे चार-पाच वर्षांचं काम, झालरीच्या आडून चाललेलं. खालून ठोकून कळायचं नाही. आवाजाचं विचारलं तर म्हणाला, कोंडलेला भुंगा असेल. मी म्हटलं, भुंगा दोनदा ठोकून थांबतो काय? त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

मी अजून देवऋष्याच्या दारात जात नाही, लिंबाला भीत नाही. पण ते मी ऐकलं आणि कमळनंही ऐकलं. त्यापुढं मला काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या, भिंतीलगतच्या तुळईला वरून-खालून इंच-इंच ठोकून बघितलं. भरीव. तिथं नव्या कड्या बसवल्या आणि पाळणा टांगला. वजन घालून बघायला पाहिजे होतं. रिकामा पाळणा हलवू नये, असं ती म्हणायची. मी तिचा वरवंटा धुतला, तिच्या जुन्या लुगड्यात बारशाला गुंडाळतात तसा गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. हे बायांचं काम. कमळ बघत होती, मी बघू दिलं.

मग दोरी धरली आणि पाळणा हलवला. कड्या कुरकुरल्या नाहीत.