आमचं गाणं, दुसऱ्यांच्या तोंडी

आम्ही तिघं सर्फ-पॉप वाजवायचो आणि आमच्या तिघांच्याही गावापासून समुद्र चांगला घाटापलीकडं होता. मी साताऱ्याची, ड्रम वाजवणारा माझा मामेभाऊ इस्लामपूरजवळच्या खेड्यातला, आणि बेस गिटारवाला सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याचा मुलगा. पुण्यात कॉलेजला असताना मी हे संगीत पहिल्यांदा ऐकलं. गिटारचा ओला, घुमणारा आवाज, खाली धावता ठेका, वर साधी गोड चाल. ऐकताना कुणीतरी पाठीवर पाणी उडवतंय असं वाटायचं. नोकरी लागल्यावर दर रविवारी आम्ही बेसवाल्याच्या वडलांच्या गोदामात सराव करू लागलो. तिथं पोत्यांमधून हळदीची धूळ उडायची. आमच्या सगळ्या वायरी पिवळ्या झाल्या होत्या, आणि घामाचे हात पांढऱ्या गिटारला लागले की तिला हळद लागलीच म्हणून समजा. "नवरी कवा जानार सासरी?" असं मामेभाऊ दर वेळी विचारायचा.

आमची सात-आठ गाणी होती. त्यातलं लोकांना आवडणारं एकच, आणि ते आमचं नव्हतं. ते माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या घरी सगळी नातवंडं ओळीनं झोपायची, तेव्हा ती थोपटत म्हणायची:

हळू ये रं पान्या, उंबऱ्यात बस,
दळून व्हऊ दे, मग आत घुस.

एवढंच, पुन्हा पुन्हा. पावसाळ्यात घरात पाणी शिरतं त्यावर तिनं आमच्यासाठी गमतीनं रचलंय, अशी आमची लहानपणापासूनची खात्री. मी त्या चालीला वेग दिला, मामेभावानं उड्या मारणारा ठेका लावला, आणि पुण्यातली मुलं त्यावर नाचायला लागली. प्रत्येक कार्यक्रमात मी सांगायची, "हे माझ्या आजीनं रचलेलं गाणं." टाळ्या पडायच्या. इंटरनेटवरही टाकलं होतं ते.

मग कोकणातल्या एका छोट्या किनाऱ्यावर होणाऱ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. मुंबई, गोवा, पुणे इथले पाच-सहा बँड, सगळे याच तऱ्हेचं वाजवणारे. आम्ही टेम्पोत सामान भरलं, आंबा घाट उतरलो आणि दुपारी पोचलो. सुरूच्या झाडांपुढं वाळूत फळ्या टाकून स्टेज केलेलं, मागं जनरेटर धडधडत होता, बाजूला एक बाई भजी तळत होती. खारं वारं असं की गिटारच्या तारा तासाभरात चिकट झाल्या. मामेभाऊ चपला हातात घेऊन लाटेत जाऊन उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, "गड्या, ह्ये तर खरंच हाय की! आपन नुसतंच वाजवत हुतो."

चारशे-पाचशे माणसं असतील. बरीचशी अनवाणी, काही भिजलेली. ऊन उतरायला लागलं होतं आणि पाणी चमकत होतं. आमच्या आधी मुंबईचा एक चौघांचा बँड होता. गाणारी मुलगी माझ्याच वयाची, कुणाचा तरी मोठा शर्ट घातलेली. त्यांचं पहिलं गाणं हिंदी होतं, छान होतं. मी स्टेजमागं बसून तारा जुळवत होते.

दुसऱ्या गाण्याची सुरुवात झाली आणि मला वाटलं, मामेभावानं मोबाइलवर आमचंच रेकॉर्डिंग लावलंय. मी त्याला "बंद कर रे" म्हणायला मान वर केली. त्याच्या हातात मोबाइल नव्हता. तो स्टेजकडं बघत होता आणि त्याचं तोंड उघडं होतं.

तीच चाल. आमच्याहून संथ, पण तीच. आणि मग त्या मुलीचा आवाज, मोठ्या स्पीकरमधून, सगळ्या किनाऱ्यावर:

हळू ये रं पान्या, उंबऱ्यात बस...

माझ्या हातातली गिटार मांडीवरून घसरली. ती वाळूत पडली आणि मला उचलायचं सुचेना. कानात नुसता जनरेटर धडधडत होता. आजी मला थोपटतेय आणि समोर पाचशे माणसं बसलीत, असं काहीतरी विचित्र वाटत होतं.

"चोरलं गं!" मामेभाऊ ओरडला. "आपलं गानं चोरलं हिनं! माझ्या आजीचं गानं!" तो सरळ स्टेजच्या फळ्यांकडं निघाला. बेसवाल्यानं त्याला मागून कंबरेला धरलं. "थांब. त्यांना उतरू दे. मग विचारू."

"उतरू दे काय? तवर सगळी टाळ्या वाजवतील की!"

ते ओढाओढी करत होते, तेवढ्यात मी हात वर केला. कारण ती मुलगी पुढं गात होती. पुढं काही नव्हतंच गाण्यात. आमच्या गाण्यात तिथं गिटार वाजायची. तिच्या गाण्यात तिथं शब्द होते:

हळू ये रं पान्या, जोत्याशी ऱ्हा,
लेकरू निजलंय, तेवढं पहा.

ते आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. मामेभावानं धडपड सोडली. चोरलेल्या वस्तूत आपल्यापेक्षा जास्त कसं काय निघतं, हे आम्हा दोघांनाही कळेना.

ते चौघं खाली उतरले तेव्हा ती मुलगी हसत होती, घाम पुसत होती. मी तिच्या वाटेत उभी राहिले. "हे गाणं कुठून घेतलंत?" माझा आवाज मलाच कडक वाटला.

"माझ्या आजीचं आहे," ती म्हणाली.

"खोटं. ते माझ्या आजीचं आहे. आम्ही ते दोन वर्षं वाजवतोय."

तिचं हसू गेलं. मला वाटलं ती भांडेल. पण ती अगदी हळू म्हणाली, "तुमची आजी कुठली?"

"इस्लामपूरजवळची."

"माहेर?"

आजीचं माहेर आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. मेढ्याच्या पलीकडं, वर डोंगरात कुठंतरी. तिकडं आता कुणी नाही, एवढंच घरात बोललं जायचं. तेच मी सांगितलं.

तिनं मधेच माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता. "आमचं गाव धरणात गेलंय," ती म्हणाली. "कोयनेच्या. जावळीतलं. आजीला तिकडून उठवून रायगडात आणून टाकलं. आजी गेल्या वर्षी गेली. पाणी चढायला लागलं तेव्हा गावातल्या बायका घरं रिकामी करताना हे म्हणायच्या, असं ती सांगायची."

दोन वर्षं मी ज्या गाण्यावर लोकांना उड्या मारायला लावत होते, ते हे होतं. मी तिथंच वाळूत बसले.

मामेभाऊ तोवर फोन लावत होता. आजी त्याच्याच घरात राहायची. मामीनं उचलला. "आजीला दे गं, आधी आजीला दे," तो म्हणाला. जनरेटरच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून आम्ही चौघं भजीवालीच्या मागं गेलो आणि फोन स्पीकरवर टाकला.

"काय रं? पोचलासा का?" आजी.

"आजे, एक गानं ऐक." त्यानं फोन त्या मुलीपुढं धरला. ती गोंधळली. मग तिनं दोन्ही कडवी म्हटली, वाद्यांशिवाय. दुसरं कडवं संपलं. रेंज गेली असं वाटून मामेभावानं फोन हलवला.

"कुनाची तू?" आजीनं विचारलं. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. आमच्यावर ओरडतानाचा नाही, लाडाचाही नाही.

मुलीनं आपल्या आजीचं नाव सांगितलं, आजीच्या बापाचं सांगितलं.

"खालच्या आळीची," आजी म्हणाली. "आंब्याखालचं घर. तिचा भाऊ लंगडत व्हता." आणि तिनं एका गावाचं नाव घेतलं. मुलगी "हो, हो" म्हणत रडायला लागली. मी ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मामेभाऊ तर त्या बाईच्या हातचं रोज जेवत होता, त्यानंही ते ऐकलं नव्हतं. तो भजीच्या काउंटरला टेकून उभा राहिला.

"आजे, तुझं गाव पान्यात गेलंय?" त्यानं विचारलं.

"मग कुठं जानार? वर डोंगरावर चढल व्हय?" आजी म्हणाली. "मी धा-अकरा वर्साची आसन. आईनं पाठीला लावून न्हेलं धाकट्याला. जातं तितंच ऱ्हायलं."

तेवढ्यात माइकवरून आमचं नाव पुकारलं. मी फोन हातात घेऊन विचारलं, "आजी, आम्ही म्हणू का हे गाणं?"

"म्हन की. गानं काय ऊस हाय व्हय, एकानं तोडून न्यायला?" आणि लगेच, "पन तुमचं ते लग्नातल्यावानी वाजवू नगासा."

आम्ही ते वाजवलं नाही. दुसऱ्या पद्धतीनं आम्हाला येत नव्हतं. स्टेजवर गेलो, समोर समुद्र होता, आणि माझी बोटं पहिल्या सुरालाच चुकली. मामेभाऊ एरवी घड्याळासारखा. त्या दिवशी मध्येच थांबायचा, पुढं पळायचा. बेसवाल्यानं एकट्यानं गाडा ओढला. लोकांना काही कळलं नाही. ते नाचले. कुणीतरी पुढून ओरडलं, "ते पाण्याचं गाणं!" मी मान हलवली आणि दुसरंच सुरू केलं.

पुढच्या रविवारी मी सरावाला न जाता आजीकडं गेले. ती अंगणात शेंगा फोडत होती. मी विचारलं, "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तुमी पवायला जानार व्हता तितं?" ती म्हणाली. आणखी एक शेंग फोडत म्हणाली, "तुज्या आईलाबी न्हाई सांगितलं. पोरी आईच्या माहेराच्या वाटंला लागल्या की विचारत्यात, आजीचं घर कुठाय. काय दावायचं?" बाकीची कडवीही होती, पण तिला आठवत नव्हती. दळणाचं तेवढं राहिलं, कारण तिची आई ते सगळ्यात जास्त म्हणायची.

महिन्याभरानं ती मुलगी आली, मुंबईहून एसटीनं इस्लामपूरला. मला वाटलं होतं दोघी गातील, मी रेकॉर्ड करीन. आजीनं गाण्याचा विषयच काढला नाही. तिला माणसं हवी होती. अमकीचं काय झालं, तमका कुठं गेला, लंगडा भाऊ किती वर्षं जगला. मुलीला फार थोडं माहीत होतं. प्रत्येक "माहीत नाही"ला आजी नुसती मान हलवायची आणि पुढचं नाव घ्यायची. संध्याकाळपर्यंत तिनं अख्खं गाव विचारून काढलं. मी दारात बसून ऐकत होते. तीसेक वर्षं मी या बाईला ओळखते, असं समजत होते.

दोन्ही बँडनी मिळून ते गाणं करावं, असं बरेचजण सुचवतात. आम्ही अजून केलेलं नाही. मला ते संथ म्हणता येतं का, हे मी गोदामात एकटीच बघते आणि बहुतेक वेळा मध्येच थांबते. ती मुलगी मात्र दर आठवड्याला आजीला फोन करते. मला नाही, आजीला. कधी चुकला आणि मी तिच्याकडं गेलेली असले, तर आजी माझ्यावर चिडते. "तुजी ती मैतरीन मेली का काय?" म्हणते, आणि फोन माझ्या हातात देते, लाव म्हणून.