नाना चायनीजमध्ये जेवले

सासूबाई गेल्या आणि त्या थंडीत नाना आमच्याकडे सिल्वासाला राहायला आले. नाना म्हणजे माझे सासरे. अमळनेरजवळच्या एका गावात त्यांनी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. माझे यजमान धाग्याच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते आणि आम्ही तिथल्याच आमली भागात दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहत होतो. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सिल्वासात जिकडेतिकडे नवे कारखाने उभे राहत होते, आणि आमच्यासारखीच धुळ्या-जळगावकडची माणसं रोज सामान घेऊन उतरत होती.

नाना कुरकुर करणारे नव्हते. सकाळी उठून अंथरुणाची घडी घालायचे, पेपर वाचायचे, गॅलरीत बसून समोरच्या रस्त्यावरून जाणारे ट्रक बघायचे. फक्त जेवायचे नाहीत. ताट वाढलं की येऊन बसत, पहिला घास तोंडात घालत, मग थोडा वेळ ताटाकडे नुसतं बघत राहत.

"छान झालंय गं. भूक नाही मला," म्हणायचे आणि हात धुवायला उठायचे.

ते काही नावं ठेवत नव्हते, त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. मीठ कमी आहे म्हणाले असते तर मी मीठ घातलं असतं. मी त्यांच्या आवडीचं एकेक करून बघितलं. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी. दूध तेवढं कसंबसं घ्यायचे. त्यांचे सदरे खांद्यावरून उतरायला लागले. डॉक्टरांनी तपासलं आणि आजार काही नाही म्हणाले. मन रमवा त्यांचं, एवढंच सांगितलं.

जळगावहून नणंदेचा फोन यायचा, खालच्या घरमालकांकडे. नणंदेला आम्ही ताई म्हणायचो. नाना जेवत नाहीत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांना आईच्या हाताची सवय. तुझा हात वेगळा पडतो ना. मी सांगते तसं करून बघ."

आणि त्यांनी फोनवर मला फुनके कसे करायचे ते सांगितलं. डाळ किती भरड ठेवायची, लसूण कधी घालायचा, कढीला फोडणी कशाची, सगळं. फुनके म्हणजे वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके, आमच्याकडे कढीबरोबर खातात. घरमालकीणबाईंसमोर मी मान हलवत ऐकत होते आणि मनातून जळत होते. तरी दुसऱ्या दिवशी तसेच केले, अगदी त्यांनी सांगितले तसे. नानांनी एक फुनका कढीत बुडवून तोंडात घातला आणि त्यांचा चेहराच बदलला. मला वाटलं, जमलं. पण ते ताटावरून उठले आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्या दिवशी दूधही घेतलं नाही.

मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. या माणसाला माझ्या घरात काही झालं तर लोक काय म्हणतील, हा विचार मला आधी आला, आणि मग त्याचीच लाज वाटली.

पुढच्या सुटीच्या दिवशी यजमान म्हणाले, नानांना जवळच्या दादरा गावच्या बागेत नेऊन आणू. वनगंगेचं तळं, त्यावरचे लाकडी पूल, फुलांचे ताटवे. नाना हौसेने चालले. परत येताना रिक्षा चौकातच थांबली, पुढे काहीतरी मोर्चा की वरात होती. चालत निघालो तर नाना विजेच्या खांबाला धरून उभे राहिले. पोटात काही नव्हतंच.

"बसू या कुठंतरी," नाना म्हणाले.

आता सिल्वासात बसायचं म्हणजे पंचाईत. शेजारी गुजरातमध्ये दारूबंदी आणि इथे मोकळीक, त्यामुळे सुटीच्या संध्याकाळी वापी-सुरतकडच्या गाड्यांची रांग लागायची आणि निम्म्या हॉटेलांच्या पाटीवर 'बार' लिहिलेलं असायचं. शिक्षक असलेल्या सासऱ्यांना घेऊन तिथे कुठे शिरणार? एकच जागा होती, चौकाच्या जरा आत. आम्ही दोघं लग्नानंतर नवेनवे असताना तिथे जायचो. चायनीज होतं. दार्जिलिंगकडचा एक मनुष्य आणि त्याची बायको चालवायचे, आणि दारू ठेवायचे नाहीत.

"चायनीज?" मी यजमानांना हळूच म्हटलं. "माझ्या हातचं वरण खाईनात ते."

"खाल्लं तर खाल्लं, नाही तर नाही. खुर्चीवर तर बसतील."

आत लाल कागदाचे कंदील टांगलेले होते. भिंतीवर ड्रॅगन होता, पण तो इथल्याच कुणा पेंटरने काढलेला, त्यामुळे त्याला अंग घोरपडीचं आणि आयाळ सिंहाची होती. नाना त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. टेबलावर व्हिनेगरमध्ये घातलेल्या हिरव्या मिरच्यांची बाटली होती, शेजारी सोया सॉस. मागच्या भट्टीचा आवाज असा यायचा की बोलायला जरा मोठ्यानेच बोलावं लागे. मालक स्वतःच ऑर्डर घ्यायला आला. नानांकडे बघून म्हणाला, "बाबूजी के लिए सूप लाता हूँ. वेज. तीखा कम रखूँ?"

नाना म्हणाले, "नहीं, तीखा रहने दो."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्याकडे आल्यापासून त्यांनी स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट.

मंचाव सूप आलं. वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, खाली तपकिरी, दाट, वाफाळतं. नानांनी चमचा बुडवला, फुंकर मारली, प्याले. नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं आणि पुन्हा चमचा बुडवला. मी माझं सूप विसरले. त्यांचा बाऊल तळाशी गेला तेव्हा त्यांनी तो जरा तिरका करून उरलेलंही चमच्यात घेतलं.

मग नूडल्सची प्लेट आली, दिसायला थेट शेवया. हे माझ्या आधी कसं लक्षात आलं नाही? सासूबाईंच्या शेवया गावात प्रसिद्ध होत्या. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर वाळत घातलेल्या त्या बारीक, लांबच लांब शेवया मी लग्नानंतर स्वतः पाहिल्या होत्या. आणि आता नानांच्या पुढ्यात हे. मी यजमानांना खूण केली, प्लेट तुमच्याकडे ओढा. पण नानांनी आधीच ती पुढे घेतली होती. चमच्याने जमेना, तेव्हा सरळ हाताने एक घास उचलला. लांब नूडल्स लोंबत राहिल्या, त्या त्यांनी मान वर करून कशाबशा आत घेतल्या. चावल्या. थांबले.

"या शेवया नाहीत," ते म्हणाले.

"नाही नाना, या—"

"हे वेगळंच काहीतरी आहे," नाना म्हणाले आणि दुसरा घास घेतला.

त्यानंतर त्यांनी कोबीचे तळलेले गोळे खाल्ले, मंचुरियन म्हणतात ते. कशाचे आहेत, असं त्यांनी विचारलं, कोबीचे म्हटल्यावर त्यांना खरं वाटेना. भातही थोडा खाल्ला. शेवटी खुर्चीला टेकून पोटावर हात ठेवून म्हणाले, "पोट भरी गयं." घरात ते आमच्याशी शाळेतली मराठी बोलायचे. अहिराणी त्यांच्या तोंडून मी कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती. मी हात धुवायच्या निमित्ताने बेसिनकडे गेले, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले. मालकाच्या बायकोने भट्टीमागून बघितलं. "ज़्यादा तीखा हो गया क्या, दीदी?" तिने विचारलं. मी नाही म्हणाले आणि हसले. छातीवरचा दगड उतरला होता.

मला वाटलं, आता सुटलो. पण दुसऱ्या दिवशी घरात पुन्हा तेच. एक घास, ताटाकडे बघणं, हात धुणं. संध्याकाळी यजमान कामावरून आले तेव्हा मी त्यांना चहाही न देता म्हटलं, "चला, चायनीजला."

मग तो आमचा नेमच होऊन बसला. यजमानांना दुपारची पाळी असली की मी एकटीच नानांना घेऊन जायची. मालक आता त्यांना विचारतही नसे, सूप आधी यायचं. नानांच्या अंगावर मांस दिसायला लागलं, दाढी करायला रोज आरशासमोर उभे राहू लागले. मला त्याचं कारण कळत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. खातायत ना, मग विचारून मोडता कशाला घालायचा?

आमच्या गावाकडच्या एका माणसाने नानांना तिथे पाहिलं आणि बातमी जळगावला पोचली. एका दुपारी ताई दारात उभ्या. पत्र नाही, फोन नाही. पिशवी खाली ठेवण्याआधीच म्हणाल्या, "ऐकलं ते खरं? तू घरात चूल पेटवत नाहीस आणि या वयात त्यांना हॉटेलातलं खायला घालतेस?"

स्वयंपाक तयार होता, झाकून ठेवलेला. मी झाकण काढून दाखवलं. ताईंनी ते बघितलं आणि आणखीच गोंधळल्या.

नाना गॅलरीतून आत आले. लेकीकडे बघून त्यांना आनंद झाला होता. म्हणाले, "आलीस? बरं झालं. संध्याकाळी चल, तुला एक जागा दाखवतो."

ताई आल्या, पण रागातच. कंदिलाखालच्या टेबलावर पदर सावरून अशा बसल्या, जणू कुणी जबरदस्तीने आणलंय. नाना शांतपणे सूप पीत होते. शेवटी ताईंना राहवलं नाही.

"नाना, हिच्या हातचं तुम्हाला चालत नाही, तर माझ्याकडे या. मी करून घालीन आईसारखं."

नानांनी चमचा खाली ठेवला.

"तेच तर नको गं," ते म्हणाले. "हिच्या हाताला काय झालंय? मागे हिने फुनके केले होते. तोंडात घातला आणि मला वाटलं, आता तुझी आई आतून विचारेल, मीठ बरोबर आहे ना. मी वाट बघत बसलो. कुणी विचारलं नाही. मग घास गिळेना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, टेबलाकडे बघूनच बोलत होते. "घरात प्रत्येक घासाला असंच होतं. भाकरीला होतं, भरिताला होतं. ही जितकं चांगलं करते तितकं जास्त होतं. इथलं हे तिने कधी खाल्लं नाही, केलं नाही. हे खाताना मी नुसता जेवतो."

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. इतके दिवस मी माझा हात कुठे चुकतोय ते शोधत होते आणि तो चुकत नव्हताच. मला त्या टेबलावर डोकं ठेवून झोपावंसं वाटलं, इतकं हलकं वाटत होतं.

थोड्या वेळाने ताई नाक ओढत म्हणाल्या, "मला पण द्या काहीतरी."

नानांनी स्वतःच्या प्लेटमधलं मंचुरियन त्यांच्याकडे सरकवलं. "कोबीचं आहे. खरं वाटणार नाही तुला."

ताई आठवडाभर राहिल्या. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं की सासूबाईंनी कधीच न केलेलं तेवढं शिजवायचं. बाजारातल्या एका गुजराती भाजीवालीकडून मी मुठिया, म्हणजे दुधी घातलेल्या कणकेचे मुटके, शिकले. घरात व्हिनेगर आणलं, कोबी-गाजर उभं चिरून भात परतला. तो चिकट झाला, पण नानांनी खाल्ला. ताई डोशाचं पीठ भिजवायला लागल्या, डोसे तव्याला चिकटले, त्याचे तुकडे नानांनी खाल्ले. जाताना ताईंनी माझा हात हातात घेतला आणि काहीतरी बोलायला गेल्या, पण बस सुटत होती. पुढे त्यांचे फोन यायचे ते, आज काय केलं होतंस, हे विचारायला, आणि मी सांगितलं की त्या कृती विचारायच्या.

आपल्याकडचं जेवण घरात हळूहळू परत आलं. आधी नुसतं वरण, मग केव्हातरी पोळी. चायनीजला आम्ही जात राहिलो, पण आता गरज म्हणून नव्हे. एकदा माझ्या अंगात ताप होता म्हणून मी नुसती खिचडी टाकली आणि तिघांची ताटं वाढली. मी नानांकडे बघायचं टाळत होते. त्यांनी खाल्लं, आणखी घेतली, आणि अचानक हसले.

"तुझी सासू खिचडी नेहमी करपवायची," ते म्हणाले. "नेहमी. गावभर तिच्या हाताचं कौतुक, आणि खिचडी लावली की शेजारच्यांना वास जायचा."

"आई?" यजमानांनी घास हातातच धरला. "आई करपवायची?"

"तुम्हा पोरांना वरची वाढायची. खालची आम्ही दोघं खायचो."

मग ते सांगत राहिले. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने काय काय बिघडवलं, त्यावर ती कशी रुसायची, एकदा रागाने पातेलंच विहिरीवर कशी टाकून आली. यजमान पोट धरून हसत होते, आणि मीही, तापातच. नाना बोलत होते आणि बोलता बोलता जेवत होते.