बोटाले चिंधी बांधून घासलेला वस्तरा

चांदा शहरात मामाच्या घरी जुने वस्तरे नवे होत. मामा काही न्हावी नव्हता, कचेरीत कारकून होता. पण शिलाई मशीनच्या पायट्यावर त्यानं धार लावाचं सानेचं चाक बसवलं होतं, अन् रविवारी गावोगावचे न्हावी गंजके, दाते पडलेले वस्तरे घेऊन त्याच्या ओसरीत बसत. मी मॅट्रिक नापास होऊन तिथीच पडून होतो. मामाच्या हाताखाली राहणं अन् बसलेल्यायले हसवणं, इतकंच माझं काम. दुसरं मले जास्त जमे. न्हाव्यानं नाक धरल्यावर गिऱ्हाईक कसं तोंड करते, मामा चष्म्यावरून कसा पाहते, सारं करून दाखवो.

मामाचा एकच कायदा होता. पातं चाकाले लावताना बोट उघडं पाहिजे. बोटाले चटका लागला का पातं लगेच पाण्यात. पोलाद तापून निळं पडलं का संपलं, मंग धार लागते, पण टिकत नाई.

एका उन्हाळ्यात मोहर्लीचा एक म्हातारा न्हावी आपल्या बापाचा वस्तरा घेऊन आला. त्याचा पोरगा माझ्याच वयाचा. त्या लगनसराईत पोरगा पहिल्यांदा नवरदेवाची दाढी करणार होता, अन् ती आजाच्या वस्तऱ्यानंच करायची, असं म्हाताऱ्याच्या मनात होतं.

नेमका मामा तापानं अंथरुणावर. मी म्हटलं, मी करून देतो. आदल्या दिवशी माझं बोट कापलं होतं, त्याले चिंधी होती. मी पायटा मारून राह्यलो, अन् संगं तापातल्या मामाचं कण्हणं काढून राह्यलो. ओसरी हसून लोटपोट. खाली पाह्यलं तं अर्धं पातं मोराच्या मानेसारखं निळं.

म्हातारा डोळे पुसत हसतच होता. मी पाठ फिरवली, विटेची भुकटी अन् जवसाचं तेल घेतलं, अन् निळा रंग जाईपर्यंत घासला. चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून हातावरचे केस काढून दाखवले. म्हाताऱ्यानं वस्तरा कपाळाले लावला.

महिन्याभरानं तो पोराले घेऊन आला. मांडवात एक गाल नीट झाला म्हणे, दुसऱ्यावर वस्तरा अडकाले लागला, हनुवटी कापली, अन् हळदीच्या कपड्यावर रक्त सांडलं. आता गावात पोरासमोर कोणी बसत नाई.

मामानं वस्तरा मागतला.

"तो देवाजवळ ठेवला, भाऊ. त्याचा काय दोष? माझ्या बापानं त्याच्यावर जनम काढला. पोराचाच हात जड हाय."

मामानं माझ्याकडं पाह्यलं. "बोट उघडं होतं ना रे?"

"हो," म्हटलं.

दुसरा प्रश्न यायच्या आत मी उठलो, अन् त्या पोराचीच नक्कल केली. थरथरता हात, नवरदेवाचं किंचाळणं, पळापळ. सारे हसले. म्हातारा बी हसला. पोरगा खांबाजवळ उभा होता. तो आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहत होता.

नंतर कळलं, तो भामरागडाकडं बांबू तोडाले निघून गेला. पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद होते, चिठ्ठी बी येत नाई.

यंदाच्या थंडीत म्हातारा पुन्हा आला, स्वतःचा वस्तरा घेऊन. कामाचं सांगून झालं तरी माझ्याजवळच बसून राह्यला.

"ते आमच्या पोराचं करून दाखव ना बाबू," म्हणे. "लय दिवस झाले त्याले पाहून."

मी म्हटलं, घसा बसला हाय, काका.

"मंग राहू दे," तो म्हणे. मामा चाकावर बसला होता. मी पातं बुडवाले पाण्याचं भांडं भरून आणलं.