आदरार्थी बहुवचन

पिंपरीला आमच्या कारखान्याच्या वसाहतीत एक बाग होती. तिच्या फाटकावर पाटी होती: 'कुत्री साखळीला बांधूनच आत आणावीत.' बागेतल्या माळ्याला वाचता येत नव्हतं, पण पाटी तोंडपाठ होती. एखाद्या कामगाराचं कुत्रं मोकळं दिसलं की तो ढेकूळ उचलायचा. "हाड! पाटी दिसत न्हाई व्हय रं?"

मोठ्या साहेबांचा कुत्रा मात्र रोज मोकळा सुटायचा आणि वाफे तुडवायचा. त्याच्यापुढे माळी हात जोडायचा. "उतरा साहेब, गुलाब हाय तितं."

मला भयंकर चीड यायची. नियम काय फक्त गरिबांच्या कुत्र्यांना?

एकदा त्याच कुत्र्याने माळ्याच्या उजव्या हाताचा लचका तोडला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एवढं तरी करावं म्हणून त्याच्या वतीने अर्ज लिहायला बसलो.

"भाऊ, साखळी लावा म्हणून लिवा," तो म्हणाला, "पर 'कुत्रा चावला' नका लिवू. 'चावले' लिवा. नोकरी हाय माजी."

मी ठळक अक्षरात 'चावला' असंच लिहिलं. वाचून दाखवताना मात्र 'चावले' म्हणालो.

त्याने समाधानाने मान हलवली आणि डाव्या हाताचा अंगठा उठवला.