मोतीचं डोहाळजेवण

काय सांगावं आणि कोणत्या तोंडानं सांगावं! माझ्या हातून गोंधळ पुष्कळ झाले, पण हा मात्र हत्तीएवढा. वाढवून सांगत नाही हो, खराच हत्तीएवढा! हसा, पण जरा बेतानं हसा. ह्यात एक जीव गेलेला आहे.

आमचे 'हे' गुरांचे डॉक्टर. नोकरी बोईसरला, दवाखान्याच्या मागेच आमचं बिऱ्हाड. सगळा जन्म म्हशींच्या कासा नि बैलांचे खूर बघण्यात गेला. आणि एके वर्षी सरकारनं ह्यांना पाठवावं कुठे? केरळात! हत्तींचं आरोग्य आणि प्रजनन-व्यवस्थापन, ह्याचं प्रशिक्षण घ्यायला!

आता बोईसर-तारापूरकडे हत्ती कुठला? इकडे कारखान्यांची धुरांडी, तिकडे समुद्र. ऑफिसातले लोक टपलेलेच. "डॉक्टर, आता नवापूरच्या खाडीत सोडा दोन हत्ती!" हे हसण्यावारी न्यायचे, पण आतून खट्टू व्हायचे. मला का ते दिसत नव्हतं?

परत आल्यावर जेवताना तोच विषय. "हत्तीण जवळजवळ बावीस महिने गाभण असते, कळलं?" मी आमटी वाढायची आणि ऐकायची. आणि मनात आपली दर संकष्टीला चंद्राला अर्घ्य देताना एकच मागणी: बाप्पा, ह्यांची विद्या वाया जाऊ देऊ नकोस. एक तरी हत्ती पाठव.

आणि बाप्पानं पाठवला! आजारी पाठव असं मी म्हटलं नव्हतं. पण डॉक्टरांच्या दारी धडधाकट कोण येतो?

थंडीचे दिवस होते. रामशरण नावाचा म्हातारा माहूत दारोदार पीठ-तांदूळ मागत हत्ती घेऊन चालला होता. बोईसरच्या नाक्यावर हत्ती थांबला, तो पुढे पाऊल टाकेना. लोकांनी दवाखान्याची वाट दाखवली. मागच्या मैदानात चिंचेखाली साखळी बांधली. नाव मोती.

मी हळदकुंकू घेऊन धावले. बघते तर काय, सुळे नाहीत! म्हणजे हत्तीण. पोट हे असं फुगलेलं, पायांवर सूज, अन्नावर वासना नाही, डोळ्यांतून पाणी. माझ्या थोरल्याच्या वेळी माझं अगदी हेच झालं होतं! त्यात हे रोज जाऊन पोटाला कान लावायचे. मी विचारलं, "कसं आहे हो?" तर म्हणाले, "अवघड आहे." आणखी काय पाहिजे? मी समजले. पहिलटकरीण असणार बिचारी.

रामशरण तिच्या सोंडेशी बसून पुटपुटायचा, "खा ले बेटा, एक कौर खा ले." मग माझ्याकडे बघायचा. "इसके सिवा मेरा कोई नहीं, भाभी. ये गया तो मैं किधर जाऊँ?" मी मनात म्हटलं, ह्या लेकीला माहेर नाही, सासर नाही. हिचे डोहाळे कोण पुरवणार?

हे औषधं आणायला मुंबईला गेले. इथे मिळत नव्हती. आणि त्याच दिवशी मी मोतीचं डोहाळजेवण घातलं!

शेजारच्या राऊतवहिनी आल्या, आणखी चारपाच जणी आल्या. नवापूरची जनीबाय सुके बोंबील विकायला आली होती, तीही पाटी ठेवून बसली.

"डॉक्टरीनबाय, कितवा म्हैना हाय गो हिला?"

"अहो, आपले महिने तिला नाहीत! बावीस असतात. आता हे शेवटचे."

"बावीस! आमी नव म्हैन्यांत उलट्या होतो बाय. ही कशी उबी हाय?"

मी अगदी प्रोफेसरासारखं हसले बघा.

रामशरण मध्ये आला. "भाभी, साहब ने आज से खिलाने को मना किया है. खाली पानी."

मी काय म्हणाले असेन? "हम डॉक्टर का बायको है. हमको सब मालूम है."

तो बाजूला झाला. त्याला वाटलं, गणपतीची पूजा आहे. आयुष्यभर लोक त्याच्या हत्तीच्या पाया पडतच आले होते.

आम्ही सोंडेला शेवंतीची वेणी बांधली, ओटी भरली, गाणी म्हटली. मग दोन द्रोणांत बर्फी आणि पेढा झाकून पुढे धरला. बर्फी उचलली तर मुलगी, पेढा तर मुलगा. मोतीनं द्रोणांसकट दोन्ही उचललं!

"जुळं गो बाय, जुळं!" जनीबाय ओरडली.

मग पाटीभर पुरणपोळ्या. पहिली तिनं सोंडेत नुसती धरून ठेवली. तोंडात घालेना. मी कपाळावर हात फिरवला, म्हटलं, "एक घास बाळासाठी." खरं सांगू? मला वाटतं तिनं माझं मन राखायला खाल्ली. एक खाल्ली, मग दुसरी. मग मी पाटीच रिकामी केली.

संध्याकाळी हे आले. मोती चिंचेला टेकून उभी होती, पोटाला तड लागलेली, घुसमटल्यासारखा श्वास.

"काय घातलंस?"

"थोडा नैवेद्य."

"थोडा म्हणजे?"

"पाटीभर. पुरणाचा."

हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पायरीवर बसले आणि बुटांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मोती आडवी झाली. हे म्हणाले, "हत्ती असा पडून राहिला की स्वतःच्याच वजनानं त्याची छाती दबते. उठवायलाच हवा." नवापूरहून होड्यांचे दोर आले, बांबू आले, कारखान्यातले कामगार आले. "जोर लगा के!" एकदा गुडघ्यांपर्यंत उठली. आम्ही बायकांनी देव पाण्यात ठेवले होते. पुन्हा बसली ती बसलीच. सकाळी गेली.

मी रडत घरात गेले आणि माझं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. सवाष्ण बाई, त्यात पोटुशी! तिला असं उघडं जाऊ द्यायचं? कपाळभर कुंकू लावलं, लुगडं पांघरलं, खणानारळानं ओटी भरली. राऊतवहिनी हुंदके देत होत्या. जनीबाय तर जमिनीवर बसून मोठ्यानं रडत होती.

तेवढ्यात हे आले, चिरफाड करायला, हातात सुरी. माझ्या मनात आशा जागी झाली. मी पुढे होऊन म्हटलं, "अहो, जपून हं. बाळ तरी हाती लागेल का?"

"कोणाचं बाळ?"

"हिचं! मोतीचं!"

ह्यांनी लुगड्याकडे पाहिलं. कुंकवाकडे पाहिलं. रडणाऱ्या बायकांकडे पाहिलं.

"अगं, नर आहे तो! मखना म्हणतात त्याला. काही नरांना सुळे येतच नाहीत."

सगळ्यांचं रडणं एकदम थांबलं. आता तुम्हीच सांगा, आम्ही बायका हत्तीकडे बघतो कुठून? समोरून! हात जोडून! मागे जाऊन तपासतं का कोणी?

पोटात निघाला नायलॉनच्या जाळ्याचा गोळा, दगडासारखा. कुठल्या किनाऱ्यावर गिळला, देव जाणे. हे रात्री एवढंच म्हणाले, "तुझ्या पुरणपोळ्यांनी नाही मेला तो. पण जगायला त्यांची मदतही झाली नाही." मी आजवर त्यातल्या पहिल्या वाक्याला धरून आहे.

मिठागरातून मिठाच्या गोणी आणून मोतीला तिथेच पुरायचं ठरलं. मी लुगडं काढायला गेले, तर रामशरणनं हात धरला. "रहने दो भाभी. नया कपड़ा इसको किसी ने नहीं दिया." मग हातातला अंकुश खड्ड्यात टाकून तो स्टेशनकडे गेला. कुठे गेला ते कळलं नाही. संकष्टीला त्याच्या नावानं एक दूर्वा वाहते मी. कुठेतरी सुखात असेल.

मोतीला खाली सोडलं, हिरव्या लुगड्यासकट. सवाष्ण म्हणून गेला बिचारा!

पुढे महिनाभर जनीबाय फिरकली नाही. मला वाटलं, रागावली. मग एक दिवस दारात पाटी उतरवली आणि अगदी गंभीर चेहरा करून म्हणाली,

"डॉक्टरीनबाय, आमचा बोकड हाय गाबन. येता का वटी भरायला?"