मोटारीचा दमा

आमच्या मोटारीला दमा होता. तिच्या आधीच्या मालकालाही होता, पण तो त्यातच गेला आणि मोटार आमच्या दारात आली.

तेव्हा निजामाचा अंमल. बीडकडच्या एका जहागीरदाराची ही माळरानात शिकारीला हिंडलेली मोटार माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, त्याच्या माघारी घेतली. कारण एकच, माझं लग्न! तलवाड्याच्या पाटलांनी बजावलं होतं, "पोरगी मोटारवाल्याच्या घरातच देणार. आधी मोटारीत बसून बघतो, मंग सुपारी फोडू." पोरगी मी लांबून पाहिली होती, आणि तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हतं.

हैद्राबादेत मामाकडं राहून मी मोटार शिकलेलो, त्यामुळं गावात लई रुबाब. दसऱ्याला घरचे मोटारीला वरवर कुंकू लावायला लागले. "अडाणी कुठले! हिचा जीव इंजिनात असतो," म्हणून मी सगळ्यांना घरात पिटाळलं, एकट्यानं इंजिनाच्या कुशीचं झाकण काढलं आणि आतल्या एकेका व्हॉल्व्हच्या दांडीला जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर फासला. अगदी जाडजूड! (व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या नाकपुडीवरचं झाकण. एकातून श्वास आत, दुसऱ्यातून बाहेर.) मग सीमोल्लंघनाला मोटार चांगली तापेस्तोवर पळवली.

पुढं पाटील येणार त्या दिवशी, भर दुपारी, आमच्याच घरात राहणाऱ्या चुलतभावानं, नाम्यानं, इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. आणि मोटारीतून आवाज आला, "हूंऽऽ... स्स्सऽऽ..."

कुत्रं शेपूट घालून मागं सरलं. दादांचा चेहरा पांढराफटक.

"दिगू, ह्यो आवाज म्या ऐकलेला हाय."

"कुठं?"

"जहागीरदारांच्या पलंगापाशी. शेवटच्या दिवशी भेटाया गेलतो तवा."

मी अवसान आणून म्हटलं, "भूतबित काय न्हाई, दादा! मागं या, धुराच्या नळीतून नुस्ती हवा येतीय बघा."

दादा बिचारे वाकले. नाम्यानं पुन्हा हँडल फिरवलं. नळीनं दादांच्या उपरण्याचं टोक हळूच आत ओढलं. सोडलं. पुन्हा ओढलं!

"धरलं! आरं, त्यानं मला धरलं!" दादा उपरणं टाकून थेट देव्हाऱ्यापुढं.

"का उभा हायस रं? पळ!" नाम्या ओरडला.

पळालो असतो, पण तलवाड्याची पोरगी डोळ्यांपुढं उभी राहिली. हँडल हातात घेतलं. फिरवताना एका जागी जोरच लागेना, सुळ्ळकन फिरायचं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय, म्हणून इंजिन उलट्या नाकपुडीनं हवा ओढतंय! झाकण काढलं तर शेंदराचा पार दगड झालेला.

"ह्यो शेंदूर कुणी लावला रं?" नाम्यानं विचारलं.

आता रुबाबाचा प्रश्न होता! मी म्हटलं, "हे जहागीरदारांचंच काम. मघाशी भूत न्हाई म्हणालो, ते चुकलंच. हाय, आत काहीतरी हाय!"

लोक जमले, पण जवळ कुणी येईना. डब्यातलं घासलेट मी तोंडानं ओढून रबरी नळीवाटे व्हॉल्व्हवर सोडलं. निम्मं माझ्याच छातीत गेलं. शेंदूर खरवडला, विटकरीच्या भुकटीत तेल घालून व्हॉल्व्ह त्याच्या जागी घासला आणि बसवला. वीट कुटताना धूळही भरपूर छातीत गेली.

पाटील मघाच येऊन सगळं ऐकत उभे होते. नाम्यानं हँडल मारलं आणि मोटार अशी गोड सुरू झाली म्हणता! पाटलांना बसवून एक फेरा मारला आणि दारात येऊन इंजिन बंद केलं. सगळं शांत.

आणि त्या शांततेत आवाज आला, "हूंऽऽ... स्स्सऽऽ..."

सगळ्यांनी मोटारीकडं पाहिलं. मग हळूहळू माझ्याकडं.

"मोटार तर मोकळी झाली," पाटील खाली उतरत म्हणाले. "पर मंग त्ये गेलं कुठं?"

"ह्याच्यात!" नाम्या किंचाळला.

"अहो, घासलेट..." असं सांगायला मी तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते नुसतं "हूंऽऽ!" गर्दी क्षणात पांगली.

पाटील शब्दाचे पक्के. पोरगी मोटारवाल्याच्याच घरात दिली, पण नाम्याला! वरात त्याच मोटारीतून निघाली आणि चालवायला मलाच बसवलं. पाटलांचं म्हणणं, "जहागीरदारांच्या हाताला या मोटारीची सवय हाय!"