पाईपातलं पाणी

माझ्या नणंदेला घरात सगळे ‘पट्टी’ म्हणतात. बासष्टाव्या वर्षीही ती कमरेला फूटपट्टी खोचून हिंडते. यंदा तिने भाताच्या शेतात भोकं पाडलेला पाईप पुरला, वीस सेंटिमीटर जमिनीखाली, बाकीचा वर. रोज सकाळी सातला त्यात काठी बुडवायची, ओला भाग पट्टीने मोजायचा आणि आकडा वहीत लिहायचा. पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटर उतरल्याशिवाय मोटार लावायची नाही.

“भात आहे तो, निवडुंग नाही!” माझे दीर, म्हणजे तिचे थोरले भाऊ, रोज करवादायचे. मोटार मात्र तेच लावायचे.

शेवटी दोघांची पैज लागली. कापणीआधी तपासणी होणार होती. शेती किती टिकाऊ, त्याला शंभरपैकी गुण. सत्तर पडले तर पट्टीचं खरं. नाहीतर पुढच्या वर्षी शेत पुन्हा काठोकाठ भरायचं आणि तिने ब्र काढायचा नाही.

तपासनीस बाई काल आल्या. माती, खत, तण, फवारणी असं सगळं पाहून अठ्ठावन्न गुण दिले. राहिले पाण्याचे वीस. घरी येऊन बाईंनी वही उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“मावशी, पाणी जमिनीखाली किती उतरलं ते लिहायचं होतं. मोटार लावायच्या दिवशी तुम्ही पाच लिहिलंय. म्हणजे शेत सुकलंच नव्हतं. पाण्याला शून्य.”

“झालं! बुडाली पट्टी,” दीर हसले.

एकदम पट्टीने बाईंचा हातच धरला. “थांबा! मोटार लावल्यावर काय लिहिलंय?”

“पंचवीस.”

“पाणी सोडल्यावर कोणाचं शेत सुकतं का हो?”

ती चपला हातात घेऊन बांधावरून पळत सुटली, मागून आम्ही तिघं धापा टाकत. तिने पाईपात काठी टेकवली. “अहो, मी तळापासून मोजत होते! पाच म्हणजे पाईपात उरलेलं पाणी. विसातून पाच गेले...”

“पंधरा!” मीच ओरडले.

“पटतंय,” बाई म्हणाल्या, “पण पुरावा?”

“मोटार किती वेळा लावली ते दादाला विचारा.”

आम्ही सगळ्यांनी दिरांकडे पाहिलं. खोटं बोलले असते तर पैज त्यांचीच होती. त्यांनी मान खाजवली. “गेल्या वर्षी एक दिवसाआड. यंदा... अकरा वेळा. आणि लोंब्या भरल्यात, तेही लिहा.”

बाई बांधावरच बसल्या. मी शहाण्णव दिवसांचे आकडे वाचत गेले, त्या वजा करत गेल्या. पाण्याला अठरा. एकूण शहात्तर! पट्टीने फूटपट्टी हवेत उडवली, ती सरळ चिखलात पडली.

आज सकाळी सात वाजले तरी नणंदबाई घोरत होत्या. मी चहा टाकला आणि शेताकडून दिरांची हाक आली. हातात काठी घेऊन ते पाईपाशी उभे.

“वहिनी, वरून मोजायचं की तळापासून?”